‘सहज’ कोणासाठीं, आणि कोणासाठीं नाहीं?

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलें, कीं पगारदार व निवृत्तिवेतनधारक कुटुंबांत प्राप्तिकराच्या विवरणपत्राची आठवण होऊं लागते. बँकेच्या व्याजाचे दाखले निघतात, मालकानें दिलेला फॉर्म १६ शोधला जातो, आणि मग प्रश्न येतो तो विवरणपत्राचा कोणता फॉर्म भरावयाचा हा. बहुतेक गृहस्थ त्याचें उत्तर एकाच कसोटीनें देतात : जो लहान तो बरा. ही कसोटी मनुष्यस्वभावास धरून आहे, पण ती चुकीची आहे. फॉर्मची निवड हें स्वतःच एक विधान असतें. लहान फॉर्म उचलणारा मनुष्य सरकारास न बोलतां असें सांगतो कीं, या फॉर्मांत ज्यांना जागा नाहीं त्या गोष्टी आपल्यापाशीं नाहींत. तें सांगणें खरें आहे कीं नाहीं, एवढेंच निवड करतांना पाहावयाचें असतें.

भारतांत प्राप्तिकर प्रथम १८६० सालीं आला. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीला पडलेली तूट भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं तो बसविला. पुढें १८८६, १९२२ व १९६१ या सालांचे अधिनियम झाले, आणि २०२५ च्या नव्या अधिनियमाचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. कायदा जसजसा वाढला, तसतसें विवरणपत्रहि वाढत गेलें. साध्या उत्पन्नाच्या माणसास तें जड होऊं नये, म्हणून २०११ सालीं ‘सहज’ व ‘सुगम’ या नांवांचे दोन आटोपशीर फॉर्म निघाले. आकारणी वर्ष २०२५-२६ मध्यें व्यक्तीपुढें चार फॉर्म होते. पहिला ‘सहज’. दुसरा मोठा फॉर्म, ज्यांना धंद्याचें उत्पन्न नाहीं पण ज्यांचा हिशेब ‘सहज’मध्यें मावत नाहीं त्यांच्यासाठीं. तिसरा धंदा किंवा व्यवसाय करणारांसाठीं. आणि चौथा ‘सुगम’, म्हणजे ठराविक टक्केवारीनें नफा धरून हिशेब देण्याची मुभा ज्या लहान धंदेवाल्यांस व व्यावसायिकांस आहे त्यांच्यासाठीं. नोकरदार व निवृत्त मंडळींची खरी निवड पहिल्या दोहोंत असते.

‘सहज’ कोणास चालतो? आकारणी वर्ष २०२५-२६ च्या नियमांप्रमाणें तो भारतांतील सामान्य रहिवासी व्यक्तीसाठीं होता. एकूण उत्पन्न ५० लाख रुपयांच्या आंत असावें, आणि तें पगार किंवा निवृत्तिवेतन, एक घर, व व्याजासारखीं किरकोळ साधनें यांतूनच आलेलें असावें. लॉटरीचें बक्षीस अथवा घोड्यांच्या शर्यतींतली कमाई त्यांत बसत नाहीं. शेतीचें उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षां अधिक नसावें. शिवाय ती व्यक्ती कोणत्याहि कंपनीची संचालक नसावी, आणि शेअरबाजारांत न नोंदलेल्या कंपनीचे भाग वर्षांत केव्हांहि तिच्याजवळ नसावे. सहकारी बँकेच्या सभासदांनीं या शेवटच्या अटीनें घाबरूं नये. ती अट कंपनी कायद्याखालीं नोंदलेल्या संस्थांच्या भागांविषयीं आहे, आणि सहकारी बँक ही त्या कायद्याखालची कंपनी नव्हे.

या अटी नीट पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पन्नास लाखांची मर्यादा सोडली, तर बाकीच्या बहुतेक अटी उत्पन्न किती आहे हें विचारीत नाहींत. तें कोणत्या जातीचें आहे हें विचारतात. चाळीस लाख पगाराचा अधिकारी ‘सहज’मध्यें सुखानें बसूं शकतो, आणि चार लाख निवृत्तिवेतनाच्या शिक्षकास मोठा फॉर्म घ्यावा लागूं शकतो. ‘आपलें उत्पन्न लहान, म्हणून आपला फॉर्म लहान’ हा समज येथेंच कोसळतो.

शेतीचें उदाहरण घ्यावें. पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांची गांवीं जमीन असते. कोंकणांतल्या आमराईचा वाटा येतो, कोणाला देशावरच्या उंसाचे पैसे मिळतात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाहीं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यावरून पुष्कळांनीं असें ठरविलेलें असतें कीं, ज्यावर कर नाहीं तें लिहावयास कशाला पाहिजे? पण करमुक्त असणें निराळें आणि अनुल्लेखित राहणें निराळें. वाट्याला आलेले निव्वळ आंब्याचे पैसे २०,००० रुपये असले, तर कर त्यांच्यावर बसत नाहीं. फॉर्म मात्र बदलतो. इतकेंच नव्हे, तर करपात्र उत्पन्नावर कोणता दर लागेल हें ठरवितांना कांहीं वेळां शेतीचें उत्पन्न हिशेबांत घेतलें जातें. म्हणून तें सांगावेंच लागतें.

शेअरच्या व्यवहारांत याहून मोठें नुकसान संभवतें. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून एक सवलत आली. नोंदणीकृत शेअर व शेअरप्रधान म्युच्युअल फंड यांवरील दीर्घ मुदतीचा नफा १,२५,००० रुपयांपर्यंत असला, आणि मागचा किंवा पुढें न्यावयाचा तोटा नसला, तर तो ‘सहज’मध्यें दाखवितां येऊं लागला. पण अल्प मुदतीचा नफा एक रुपयाचा असला, तरी मोठा फॉर्मच पाहिजे. तोट्याचेंहि तसेंच आहे, आणि येथेंच गृहस्थ फसतात.

कल्पना करावी कीं, एका निवृत्त गृहस्थास वर्षाला ९ लाख रुपये निवृत्तिवेतन आहे. त्यानें घेतलेले शेअर वर्षाच्या आंत विकले आणि ८०,००० रुपये गमावले. तो म्हणतो, नफाच झाला नाहीं तर दाखवावयाचें काय? आणि ‘सहज’ भरून मोकळा होतो. दुसऱ्या वर्षीं त्याला जुन्या शेअरवर २,१०,००० रुपये दीर्घ मुदतीचा नफा होतो. सव्वा लाखाची सूट जाऊन ८५,००० रुपयांवर साडेबारा टक्के दरानें १०,६२५ रुपये कर आणि वर उपकर द्यावा लागतो. हाच तोटा त्यानें पहिल्या वर्षीं मुदतीच्या आंत मोठ्या फॉर्मांत नोंदविला असता, तर नफ्यांतून तो आधीं वजा झाला असता. १,३०,००० उरले असते, सूट जाऊन ५,००० वर कर बसला असता, आणि तो कर ६२५ रुपये झाला असता. दहा हजार रुपयांचा हा फरक केवळ फॉर्मच्या निवडीचा आहे. असा भांडवली तोटा १९६१ च्या अधिनियमानें पुढील आठ वर्षेंपर्यंत नेतां येतो; मात्र विवरणपत्र मुदतींत भरलेलें पाहिजे आणि तोटा त्यांत लिहिलेला पाहिजे. ‘सहज’मध्यें तो लिहिण्यास जागाच नाहीं.

तरुण पिढीच्या बाबतींत प्रश्न दंडाचा होतो. पुण्यास किंवा मुंबईस राहून परदेशी कंपनीच्या येथील शाखेंत नोकरी करणाऱ्या मुलामुलींना मूळ कंपनीचे शेअर मिळतात. ते विकलेले नसतात, लाभांशहि नसतो, म्हणून त्यांची आठवण राहत नाहीं. पण भारतांतील सामान्य रहिवाशास परदेशांतील प्रत्येक मालमत्ता विवरणपत्रांत दाखवावी लागते, आणि त्यासाठीं लागणारें परिशिष्ट ‘सहज’मध्यें नाहीं. परदेशी मालमत्ता न सांगितल्यास काळ्या पैशाविषयींच्या २०१५ च्या अधिनियमाखालीं दहा लाख रुपये दंड होऊं शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता मिळून वीस लाख रुपयांपर्यंत असेल, तर या दंडांतून सुटका दिलेली आहे. परंतु ही माफी दंडाची आहे. सांगण्याच्या कर्तव्याची नव्हे. फ्यूचर्स व ऑप्शन्सचे सौदे करणारांचीहि गोष्ट निराळी आहे. तें उत्पन्न धंद्याचें समजलें जातें, आणि त्यांना दुसऱ्या फॉर्माहि पलीकडे, बहुधा तिसऱ्याकडे, जावें लागतें.

चुकीचा फॉर्म भरला तर काय होतें? १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १३९(९) प्रमाणें विवरणपत्र सदोष ठरवून नोटीस येते, आणि दोष दूर करण्यास पंधरा दिवस मिळतात. अर्ज केल्यास मुदत वाढूं शकते. पण नोटिशीकडे दुर्लक्ष झालें, तर विवरणपत्र अग्राह्य ठरतें, म्हणजे तें कधीं भरलेंच नव्हतें असें मानलें जातें. परतावा अडकतो आणि पुढें नेलेला तोटाहि हातचा जातो. शिवाय न सांगितलेली गोष्ट आतां लपून राहत नाहीं. २०२१ पासून प्राप्तिकर खातें प्रत्येक करदात्याचें ‘वार्षिक माहिती विवरण’ तयार ठेवतें. बँकेचें व्याज, लाभांश, शेअर व म्युच्युअल फंडांचे व्यवहार त्यांत येतात.

मोठ्या फॉर्माचें भय मात्र अनाठायीं आहे. त्यांतील परिशिष्टें पुष्कळ असलीं, तरी प्रत्येकानें तीं सर्व भरावयाचीं नसतात. जें लागू आहे तेवढेंच निवडावयाचें असतें. तसेंच ज्याचें उत्पन्न खरोखरच निवृत्तिवेतन व ठेवींच्या व्याजापुरतें आहे, त्यानें ‘सहज’ सोडून धांवाधांव करण्याचें कारण नाहीं. तो त्याच्यासाठींच आहे.

गतवर्षीं जो फॉर्म भरला तोच यंदा चालेल, असेंहि समजूं नये. जानेवारी २०२० मध्यें संयुक्त मालकीचें घर असणाऱ्यांस ‘सहज’ बंद केल्याचें जाहीर झालें, आणि त्याच महिन्यांत तें बंधन मागें घेण्यांत आलें. नियम असे बदलत असतात. म्हणून दरवर्षीं प्रथम वार्षिक माहिती विवरण उघडून पाहावें. मग त्यांत न येणाऱ्या गोष्टी, म्हणजे गांवची शेती, परदेशांतले शेअर, खाजगी कंपनीचे भाग, यांची स्वतः यादी करावी. आणि त्या वर्षाच्या ‘सहज’ फॉर्माच्या मथळ्याखालीं तो कोणासाठीं आहे व कोणासाठीं नाहीं हें छापलेलें असतें, त्या ओळी यादीशीं ताडून पाहाव्या. एका संध्याकाळचें हें काम आहे. तें झाल्यावर फॉर्म निवडावा लागत नाहीं. यादीच तो निवडून देते.