विहिरीचे पाणी आणि तान्हे बाळ

सभासद बंधूंनो, उसाला युरियाचे पोते फोडताना पिकाला काळोखी किती येईल, एवढेच आपण बघतो. पण पिकाने न उचललेले नत्र जाते कुठे? सऱ्या तुडुंब भरल्या की ते नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांखाली झिरपते आणि विहिरीत उतरते. पाणी निवळशंखच दिसते.

थोरामोठ्यांना सहसा लगेच काही जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतील बाळाला या पाण्यात कालवलेली दुधाची पावडर पाजली, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ, नखे निळी पडतात. उपचार न मिळाल्यास जीवही जातो. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. कॉमली यांनी १९४५ साली हा आजार शेतातल्या विहिरींशी जोडून दाखवला. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे.

आणि उकळून काही साधत नाही बरं का! जंतू मरतात, पाणी आटते, नायट्रेट मात्र तेवढेच राहते. म्हणून बाळाला अंगावरचेच दूध द्यावे आणि विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. युरिया एकदम न ओतता लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत द्यावा. उकिरडाही विहिरीच्या काठावर नको. त्यातूनही हेच नायट्रेट उतरते.