लेकीच्या गावी, समुद्राकाठी : थोड्या पैशात डोनोस्तिया

कामं आटोपून बसला असाल, नसाल तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आजचा विषय जरा लांबचा आहे. आपल्याच गटातल्या एका ताईंमुळे तो आमच्यापुढे आला.

या ताईंची लेक स्पेन देशात शिकते आहे. दोन वर्षं झाली, मायलेकींची भेट फोनवरच. लेक म्हणते, "आई, एकदा ये." ताईंनी शिवणकामातून पैसे साठवलेत. पण घरात विषय निघाला तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, "एवढ्यात एक म्हैस येईल." आणि लेकीच्या गावाबद्दल जो तो सांगतो की ते फार महागडं, श्रीमंतांचं गाव. ताई आम्हाला म्हणाल्या, "विमानाचं तिकीट निघेल हो, पण तिथं पोचल्यावर काय? लेकीला खर्चात घालायचं का?"

म्हणून आम्ही त्या गावाची माहिती गोळा केली, लेकीशी फोनवर बोललो आणि हिशेब मांडला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

गावाचं नाव डोनोस्तिया. स्पॅनिश भाषेत त्यालाच सान सेबास्तियन म्हणतात. स्पेनच्या उत्तर टोकाला, फ्रान्सच्या हद्दीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, समुद्राकाठी वसलेलं हे शहर. वस्ती दोन लाखांच्या आत. इथले लोक बास्क. त्यांची भाषा युस्कारा. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं सापडलेलं नाही. फ्रँकोच्या हुकूमशाहीत ही भाषा दडपली गेली, तरी लोकांनी ती टिकवली. म्हणून ताईंना पहिला सल्ला फुकटचा : दोन शब्द पाठ करा. 'काइशो' म्हणजे नमस्कार, आणि 'एस्केरिक आस्को' म्हणजे आभारी आहे. परक्या बाईच्या तोंडून आपली भाषा ऐकली की दुकानदार कसा खुलतो, ते आपल्याला ठाऊक आहेच.

आता हे गाव महाग का झालं? १८४५ साली स्पेनची राणी दुसरी इसाबेल समुद्रस्नानासाठी इथं आली. पुढे राणी मारिया क्रिस्तिना दर उन्हाळ्यात येऊ लागली. १८९३ मध्ये तिच्यासाठी किनाऱ्यावर मिरामार नावाचा वाडा उभा राहिला. राणी आली की सरदार येतात, सरदार आले की भाव चढतात. पण मैत्रिणींनो, त्या वाड्याची बाग आज सगळ्यांना खुली आहे. तिकीट नाही. हिरवळीवर बसायचं आणि राणी जो समुद्र बघायची तोच बघायचा.

या गावाचं मर्म इथंच आहे. खोली महाग, हॉटेल महाग, पण गावातल्या सर्वांत सुंदर गोष्टी सगळ्यांच्या मालकीच्या आहेत.

तीन किनारे आहेत : कोन्चा, ओन्दारेता आणि सुरियोला. कोन्चा म्हणजे शिंपला. खाडीचा आकार तसाच गोल आहे आणि मधोमध सांता क्लारा नावाचं बेट. वाळूवर बसायला, पाण्यात उतरायला पैसा पडत नाही. तिथल्या कितीतरी वयस्कर बायका रोज ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. ताईंनी साडी जरा वर खोचून त्यांच्यात सामील व्हावं, कोणी काही म्हणणार नाही. एक मात्र लक्षात ठेवा : भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यायची. सुरियोलाच्या लाटा मोठ्या असतात, तिथं पोरं फळीवर उभी राहून लाटांवर खेळतात. आपण ते काठावरून बघावं.

किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला खडकांत रोवलेली तीन मोठी लोखंडी शिल्पं आहेत. नाव 'वाऱ्याची फणी'. एदुआर्दो चिलिदा या इथल्याच शिल्पकाराने ती घडवली आणि १९७७ साली ती तिथं बसली. समोरच्या फरसबंदीला भोकं ठेवली आहेत. समुद्र खवळला की खालून लाट येते आणि त्या भोकांतून वारा नि पाणी सूं करून वर उसळतं. हेही फुकट. भिजायची तयारी ठेवा.

दुसऱ्या टोकाला उर्गुल नावाची टेकडी, उंची १२३ मीटर. आपल्याकडच्या गडापुढे ही काहीच नाही, अर्ध्या तासात झाडांच्या सावलीतून माथ्यावर. वर जुना किल्ला, खाली सारं शहर. समोरच्या इगेल्दो डोंगरावर १९१२ सालची रुळांवरची गाडी जाते, पण तिला तिकीट आहे. हात आखडता असेल तर उर्गुलच बरा.

टेकडीच्या पायथ्याशी जुनं गाव आहे. त्यात '३१ ऑगस्ट' नावाची गल्ली आहे. १८१३ साली त्या दिवशी इंग्रज आणि पोर्तुगीज फौजांनी शहर फ्रेंचांकडून जिंकलं, लुटलं आणि जाळलं. ही एक गल्ली तेवढी वाचली. नवं गाव उभं राहिलं, पण तारीख लोकांनी गल्लीच्या नावात जपून ठेवली.

आता पाऊस. तिथं वर्षभर केव्हाही भुरभुर लागते, म्हणून छत्री पिशवीत हवीच. पावसाच्या दिवशी कुठं जायचं? सान तेल्मो नावाचं संग्रहालय मंगळवारी मोफत असतं. आणि रेल्वे स्टेशनजवळ आहे 'ताबाकालेरा'. तंबाखूचा हा कारखाना १९१३ ते २००३ असा नव्वद वर्षं चालला. इथं सिगारेटी वळणाऱ्या, बांधणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. सिन्नरच्या, सोलापूरच्या आपल्या विडी कामगार मैत्रिणींना हे ऐकून आपलंच वाटेल. २०१५ पासून तिथं कलाकेंद्र आहे. आत जायला पैसे नाहीत, वरच्या मजल्यावरून सगळं गाव दिसतं. उबेत बसा, वाचा, पाऊस थांबेपर्यंत कोणी उठवत नाही.

पोटाचं बघू. एक युरो म्हणजे हिशेबाला सोपे शंभर रुपये धरू. जुन्या गावातल्या खानावळींत फळीवर छोटे छोटे पदार्थ मांडलेले असतात, त्यांना पिंचो म्हणतात. पावाच्या तुकड्यावर काहीतरी रचून काडी टोचलेली. एकाला साधारण दोन ते चार युरो. दिसायला चिमूटभर आणि हात थांबत नाही, म्हणून पोट भरायला गेलात तर पाकीट रिकामं. तिथली माणसंही एका ठिकाणी एक खातात, गप्पा मारतात, पुढे जातात. आपणही चवीपुरते दोनच खावे. ग्रोस भागात गुरुवारी संध्याकाळी पेय आणि एक पिंचो मिळून स्वस्तात देतात, तो वार साधावा.

पोटभर जेवण दुपारीच करावं. आठवड्याच्या कामाच्या दिवशी बऱ्याच खानावळींत 'दिवसाचं जेवण' असतं. दोन पदार्थ, पाव, शेवटी गोड किंवा फळ, सोबत पाणी किंवा वाइन, सगळं ठरलेल्या भावात, पंधरा ते वीस युरोत. आपल्याकडच्या राइसप्लेटसारखंच. शाकाहारी बाईला बटाटा-अंड्याचं जाड आम्लेट चालत असेल तर सोय होते. अंडंही नको असेल तर आधी नीट विचारावं, कारण भाजीतही मांसाचे, माशांचे तुकडे असू शकतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली घरूनच भरून न्यावी. बाजारातून पाव, मेंढीच्या दुधाचं इदियासाबाल चीज आणि सफरचंद घेऊन समुद्रासमोर बसलं, तर रात्रीचं जेवण पाच-सहा युरोत होतं.

ताईंना लेकीसाठी पेढे न्यायचे होते. ते राहू द्या. भारतातून दुधा-तुपाचे पदार्थ आणि मांस युरोपात न्यायला बंदी आहे. थालिपिठाची भाजणी आणि मेतकूट न्यावं.

जेवणावरून एक गोष्ट. या गावात १८७० पासून स्वयंपाकाची मंडळं आहेत. सभासद जमतात, स्वतः रांधतात, एकत्र जेवतात. पण सभासद सगळे पुरुष! बाईला तिथल्या चुलीपाशी जायला मनाई. घरी रोज रांधायचं बाईनं आणि सणाचं, हौसेचं रांधायचं पुरुषानं. आता बऱ्याच मंडळांनी दार उघडलंय, तरी सगळ्यांनी पूर्ण नाही. हे ऐकून आमच्या बैठकीत खूप हशा पिकला, मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसरी गोष्ट शेजारच्या पासाइया बंदराची. शहरापासून डोंगराच्या कडेनं, समुद्र डाव्या हाताला ठेवून अडीच-तीन तासांत चालत जाता येतं. बंदर ओलांडायला छोटी होडी आहे, भाडं एक युरोच्या आसपास. जुन्या काळी इथल्या होड्या बायका वल्हवत. प्रवासी त्यांची नोंद करून गेलेत. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो १८४३ साली इथं राहिला, त्यानेही त्यांच्याबद्दल लिहिलं. तरीही कोन्चा खाडीत सप्टेंबरात होणारी मोठी होड्यांची शर्यत १८७९ पासून पुरुषांचीच होती. बायकांची शर्यत सुरू झाली २००८ साली. आज दोन्ही शर्यती काठावर उभं राहून फुकट बघता येतात.

खरा खर्च राहण्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये खोल्यांचे भाव दुप्पट होतात, सप्टेंबरात चित्रपट महोत्सव असतो. म्हणून मे किंवा ऑक्टोबर बरा. ताई तर लेकीच्याच खोलीवर उतरणार. दुसऱ्या कोणाला जायचं असेल तर इरुन किंवा पासाइयात राहून रेल्वेनं ये-जा करता येते. मात्र एक जाणीव ठेवू. घरमालक पर्यटकांना खोल्या देऊ लागले की गावच्याच पोरांना भाड्यानं घर मिळत नाही. तिथल्या लोकांनी यावर आवाज उठवला आणि २०२३ मध्ये पालिकेनं नव्या हॉटेलांवर, पर्यटक-घरांवर बंधनं आणली. पाहुणीनं पाहुणीसारखं राहावं. रात्री गल्लीत आवाज करू नये, खरेदी छोट्या दुकानातून करावी.

तर ताई, एका दिवसाचा हिशेब असा : दुपारचं जेवण १८ युरो, बसच्या दोन फेऱ्या ४, दोन पिंचो ६, रात्रीचा पाव-चीज ६. एकूण ३४, म्हणजे साधारण तीन हजार चारशे रुपये. दुपारी लेकीच्या खोलीवरच थालीपीठ लावलंत तर सोळाशे रुपयांत दिवस पार पडतो. समुद्र, बाग, टेकडी आणि लेकीचा सहवास यांची किंमत शून्य. व्हिसाची फी मात्र ९० युरो, ती आधीच बाजूला काढा. आणि गटाचं कर्ज यासाठी काढायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत ते योग्यच केलंत.

हा हिशेब ताईंनी कागदावर उतरवून घेतला आणि घरी मुलापुढे ठेवला. तो बराच वेळ कागद बघत राहिला, मग म्हणाला, "म्हैस पुढच्या वर्षी घेऊ." ताईंनी व्हिसाचे कागद जमवायला घेतलेत.

मैत्रिणींनो, आपण राबतो तेव्हा कोणी हिशेब मागत नाही. आनंदाला निघालो की लगेच मागतात. मागू द्या. आपला हिशेब मांडून तयार असला म्हणजे झालं. तुमच्या मनात कुठं जायचं आहे, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.