पट मोजता, मग पटावरची जातही मोजा!

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला आणे पठार आहे. कल्याण-अहिल्यानगर रस्त्याने घाट चढला की ते लागते. पाऊस कमी, शेती आभाळावर, वाड्या-वस्त्या विखुरलेल्या. अशा मुलखात वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा हाच गरिबाच्या पोराचा आधार. पण 'पट कमी' म्हटले की तिला कुलूप लावायला निमित्त मिळते.

डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस व त्याहून कमी पटासाठी 'समूह शाळा' योजना पुढे आली. तेव्हा राज्यात अशा शाळा सुमारे १४ हजार ८०० आणि त्यांत मुले सुमारे १ लाख ८५ हजार होती. ही मुले कोणाची? ऐपत असणाऱ्याने आपले पोर पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडले. मागे राहिली ती भूमिहीनांची, मजुरांची, आदिवासींची, आमची.

कायदा काय सांगतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने परिसरातील शाळा हा मुलाचा हक्क आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावेच लागतात. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी अंतर एक किलोमीटर आहे. तिथे वीसचा आकडाही आहे. पण तो शाळा स्थापन करण्याचा निकष आहे आणि मोजायची आहेत ती परिसरातील ६ ते ११ वयाची, शाळेत यायला तयार असलेली मुले. हजेरीपटावरची नावे नव्हेत! आईबापांबरोबर ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेले मूल पटावर दिसत नाही. म्हणून ते वस्तीत नाही काय?

१८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती. पैसा रयतेचा आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला! १४० वर्षांनंतरही हिशेब तोच आहे.

बांधवांनो, नुसत्या निषेधाने शाळा वाचणार नाही. माहितीच्या अधिकारात प्रवर्गनिहाय पट मागा. वस्तीतील मुले स्वतः मोजा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती जागा घ्या. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द आधी सांगितला. शिकायला आधी शाळा उघडी हवी.

जय भीम!