१२० गुणिले ४५ मध्ये मावेल एवढा खून

स्टीम या ऑनलाइन दुकानात 'डिटेक्टिव्ह' असा शोध घ्यावा आणि समोर येणारी चित्रं नुसती नजरेखालून घालावीत. टोपी, लांब कोट, भिंग. पुन्हा टोपी. धुक्यात दिव्याचा खांब, खांबाखाली पाठमोरा माणूस, कोपऱ्यात बोटाचा ठसा. खेळ करणारी मंडळी कुठल्या कुठल्या देशांत बसलेली असतात, पण चित्रं सगळी एकाच घरातली भावंडं. आणि खेळ सुरू केल्यावर कळतं, की आत प्रत्येकाचा कारभार निराळा आहे. एकात बोलून बोलून गुन्हा काढून घ्यायचा असतो, दुसऱ्यात कागदपत्रं चाळायची असतात, तिसऱ्यात तर गुप्तहेरच नसतो.

टोपीचं खापर फोडायचं तर सिडनी पॅजेट या चित्रकाराच्या माथी फोडावं. १८९१ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सची बॉस्कम व्हॅलीची कथा आली. कॉनन डॉइलनं लिहिलं होतं ते एवढंच, की होम्सच्या डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी होती. पॅजेटनं तिची डीअरस्टॉकर केली, पुढेमागे झाप असलेली, शिकारीला जाताना घालायची. होम्स तेव्हा आगगाडीनं खेड्याकडे निघाला होता, त्यामुळे ती शोभलीही. पुढच्यांनी मात्र त्याला लंडनच्या भर रस्त्यात तीच टोपी घालून फिरवलं. उलट सत्यजित राय स्वतःच्या फेलूदा या गुप्तहेराची चित्रं आणि मुखपृष्ठं स्वतः काढत. तिथे ना टोपी ना झगमग, तरी फेलूदा चटकन ओळखू येतो.

आता थोडी पार्श्वभूमी, उरकून टाकण्यापुरती. स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचं दुकान २००३ पासून चालू आहे. एकट्यादुकट्यानं किंवा चार-पाच जणांनी मिळून, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय केलेल्या खेळांना 'इंडी' म्हणतात. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक खेळ आले. जाहिरातीला पैसे नसलेल्यांची सगळी भिस्त त्या चित्रावर, ज्याला या धंद्यात 'कॅप्सूल' म्हणतात.

कॅप्सूल एक नसते, अनेक असतात. आडवी, उभी, विकत घेतलेल्या खेळांच्या लायब्ररीतली ६०० गुणिले ९०० पिक्सेलची. पण खरी परीक्षा शोधयादीतल्या छोट्या पट्टीची. तिचं मूळ माप २३१ गुणिले ८७. हल्ली दुप्पट मापाचं चित्र मागतात, पण डोळ्यांना दिसायचं ते तेवढंच. तिच्यापासून आणखी लहान रूपं आपोआप तयार होतात, त्यांतलं सगळ्यात लहान १२० गुणिले ४५. चित्रकारानं महिनाभर रंगवलेला पाऊस, ओल्या फरसबंदीवरचं प्रतिबिंब, खिडकीतली सावली, सगळं त्या ४५ पिक्सेलांच्या उंचीत चिखल होऊन बसतं. त्यात स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी गडद निळसर. गुप्तहेरकथा म्हटली की अंधार हवाच, अशी ज्याची समजूत आहे त्याचं चित्र त्या निळाईत बुडालंच. 'पॅराडाइज किलर' (२०२०) या खेळानं खुनाचा तपास उन्हाळी बेटावर नेला, गुलाबी-जांभळ्या भडक रंगांत. काळोख्या गर्दीत असा रंग वेगळा दिसणारच.

नावाचा हिशेब तर कागद-पेन्सिल घेऊन करावा असा आहे. 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल' या रहस्यखेळाच्या नावात रोमन अक्षरं २२, मधल्या जागा ५. एका ओळीत लिहिलं तर १२० पिक्सेलांत प्रत्येक अक्षराच्या वाट्याला साडेचारसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात अक्षर कसलं, मुंगी उभी राहील. मग शहाणा चित्रकार 'द केस ऑफ द' बारीक करून वर ढकलतो आणि 'गोल्डन आयडॉल' खाली ऐसपैस बसवतो. आता अकराच जागा, प्रत्येकीला जवळजवळ ११ पिक्सेल. बारीक ओळ कुणाला वाचता आली नाही तरी बिघडत नाही. छोट्या पट्टीत नाव वाचता आलं पाहिजे, म्हणजे बहुतेक वेळा त्यानं पट्टी जवळपास भरूनच टाकली पाहिजे, असं व्हॉल्व्हची सूचनावलीही सांगते. ज्यांना चित्राचा अभिमान असतो त्यांना हे पटवणं कठीण.

१ सप्टेंबर २०२२ पासून व्हॉल्व्हनं आणखी एक नियम केला. कॅप्सूलवर खेळाचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक, बस्स. त्याआधी लोक तिथे पुरस्कारांची पदकं, परीक्षणांतले तारे, 'अमुक टक्के सूट' असं काय काय चिकटवत. तो मजकूरही बहुतेक इंग्रजीत, आणि ग्राहक मात्र जगभरचे. नियम आला तेव्हा कुरकुर झाली, पण चित्रांचं भलंच झालं.

हे सगळं झालं तंत्र. मुळात चित्रात ठेवायचं काय? या बाबतीत प्रस्तुत लेखकाचं मत जुनं आणि हट्टी आहे: गुप्तहेर दाखवू नका, पुरावा दाखवा. हा हट्ट आला १९८२ च्या एका फाइलीवरून. त्या फाइलीवर लेखकाचं जरा जास्तच प्रेम आहे, ते वाचकांनी चालवून घ्यावं.

अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या इन्फोकॉम कंपनीचा 'डेडलाइन' हा खेळ. मार्क ब्लँकनं तो रचला. पडद्यावर चित्राचं नाव नाही, नुसता मजकूर. खेळणाऱ्यानं वाक्यं टाइप करायची. मार्शल रॉबनर नावाचा उद्योगपती आतून बंद असलेल्या लायब्ररीत मरून पडलेला आहे. औषध जास्त झालं, पण घेतलं की दिलं? तपासाला बारा तास. अडचण अशी, की जबान्या, अहवाल वगैरे सगळं त्या काळच्या फ्लॉपीवर मावेना. मग ते कागदावर छापून खोक्यात घालायचं ठरलं. जियार्डिनी/रसेल या जाहिरात संस्थेच्या मदतीनं त्या खोक्याचीच पोलिसी फाइल झाली. आत साक्षीदारांच्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, वकिलाचं पत्र, खुनाच्या जागेचा फोटो आणि प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत पांढऱ्या गोळ्या. प्रेताजवळ सापडलेल्या!

गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडतं तेच फाइल हातात घेऊन. अजून संगणक चालू केलेला नाही आणि तपास सुरू झाला. फ्लॉपीची चोरटी नक्कल करणाऱ्याला गोळ्या कुठून मिळणार, हा वरचा फायदा. लोकांना ती फाइल इतकी आवडली, की पुढे इन्फोकॉमच्या प्रत्येक खेळात अशा वस्तू येऊ लागल्या. त्यांना 'फीलीज' म्हणत.

ब्लँकच्याही आधी हा उद्योग डेनिस व्हीटली या इंग्रज कादंबरीकारानं केला होता. १९३६ चं त्याचं 'मर्डर ऑफ मायामी' हे पुस्तक नव्हतंच. बांधलेली फाइल होती. तारा, टंकलिखित अहवाल, फोटो, आणि पाकिटात चक्क केस, जळकी काडी, रक्ताचा डाग पडलेल्या पडद्याचा तुकडा. उत्तराची पानं शेवटी मोहोरबंद.

आजच्या कॅप्सूलमध्ये गोळ्या घालता येत नाहीत. पण मुखपृष्ठावरच तपास सुरू करणारे काही खेळ आहेत. सॅम बार्लोच्या 'हर स्टोरी'त (२०१५) १९९४ मधल्या पोलिसी चौकशीच्या तुकड्यातुकड्यांच्या चित्रफिती शोधायच्या असतात. मुखपृष्ठावर गुप्तहेर नाही, चौकशीला बसलेली बाई आहे. ही खरं बोलतेय का, हा प्रश्न तिच्या चेहऱ्याकडे पाहतानाच पडतो, खेळ विकत घ्यायच्या आधी. लुकस पोपचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) म्हणजे तर विम्याचा दावा. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, साठ माणसं, प्रत्येकाचं नाव आणि शेवट शोधायचा. जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखं सगळं दोनच छटांत, राखाडीसुद्धा ठिपक्यांतून भासवलेली. पोपनं जाहिरातीत लिहिलं, कमीत कमी रंगांचं विमा-साहस! दुकानाच्या रंगीबेरंगी ओळीत ते दुरंगी चित्र जुन्या दस्तऐवजासारखं पडलेलं असतं, आणि हात तिकडेच जातो.

एवढं सांगून झाल्यावर हट्टाला अपवाद काढणं भाग आहे, कारण बर्लिनच्या हॅपी ब्रॉकली गेम्सचं बदक. 'डक डिटेक्टिव्ह: द सिक्रेट सलामी' (२०२४) च्या मुखपृष्ठावर टोपीही आहे, कोटही आहे, फक्त आत बदक आहे. त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस ब्रक्सनरनं आपल्या खेळात बेडकाच्या हातात भिंग दिलं होतं. इथे गुप्तहेर हाच विनोद आहे. झिजलेलं चिन्ह विनोदाला लागतंच, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं असतं. माणसाला तीच टोपी घातली की मात्र पुन्हा तो धुक्यातला खांब.

यंत्रानं चित्रं काढायच्या या दिवसांत 'द रूटट्रीज आर डेड' ची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०२३ च्या ग्लोबल गेम जॅम या झटपट खेळ रचण्याच्या उपक्रमासाठी जेरेमी जॉन्स्टननं हा खेळ केला: १९९८ चं इंटरनेट, एका श्रीमंत घराण्याची वंशावळ, फोटो बघून कोण कोणाचं ते ठरवायचं. फोटो मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या यंत्राकडून काढून घेतलेले, त्यामुळे खेळ विकायला काढणं प्रशस्त वाटेना. रॉबिन वॉर्डनं तो नव्यानं बांधायचं मनावर घेतलं आणि हेनिंग लुडविगसेन या चित्रकारानं चित्रं हातानं पुन्हा काढली. जानेवारी २०२५ मध्ये खेळ स्टीमवर आला. जिथे फोटोतला प्रत्येक तपशील पुरावा असतो, तिथे तो तपशील कुणीतरी जाणूनबुजून ठेवलेला असावा लागतो. खेळणारा त्याच विश्वासावर खेळतो. यंत्राच्या चित्रात सहावं बोट दिसलं तर तो दुवा समजायचा की चूक?

मुखपृष्ठानं रहस्यकथेकडे ओढलं जाणं मराठी वाचकाला काही परकं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा लोकांनी ज्या भुकेनं वाचल्या, तिला रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनीही फोडणी दिली होती. फरक अंतराचा आणि मापाचा. मुळगावकरांचं चित्र वाचनालयाच्या टेबलावर हाताएवढं मोठं दिसे. आजच्या चित्राला अंगठ्याच्या नखाएवढी जागा.

कुणी मराठी नावाचा रहस्यखेळ स्टीमवर आणलाच, तर त्याचा हिशेब उलटा मांडावा लागेल. रोमन अक्षरं रुंदी खातात, देवनागरी उंची खाते. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार, आणि एखादं जोडाक्षर दोन मजली. ४५ पिक्सेलांच्या उंचीत दोन ओळी बसवायच्या म्हटल्या तर प्रत्येकीला जेमतेम वीस, त्यात अक्षराच्या मूळ अंगाला दहा-बारा. म्हणजे ओळ एकच हवी, नाव आखूड हवं, शिरोरेघ जाड आणि अखंड हवी, कारण लहान मापात शब्द ओळखू येतो तो तिच्यामुळे. 'मृत्यूचे गूढ' असलं नाव डोक्यात असेल तर ते पुस्तकासाठी राखून ठेवावं. पट्टीवर त्या नावातले ऋकार-उकारांचे तीन-तीन पाय एकमेकांत अडकून पडतील.