नवा गुडघा, जुनी सोबत

साठी उलटली की घरोघर गुडघ्यांची तक्रार सुरू होते. आधी जिना टाळला जातो, मग देवळाची पायरी, मग पाटावर बसून जेवणे. आणि शेवटी ठणक्याने रात्रीची झोपही मोडू लागते. औषधे, शेक, व्यायाम, सारे करून भागले नाही म्हणजे डॉक्टर सांधा बदलण्याचा सल्ला देतात. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्यामुळे निदान सांध्याच्या किमतीचा तरी आधी अंदाज घेता येतो. पण खर्चाची तजवीज झाली म्हणजे सगळी तयारी झाली, असे मात्र नव्हे.

सांधा बदलणे म्हणजे सबंध गुडघा काढून दुसरा बसवणे, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर आणि नडगीच्या वरच्या टोकावर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते. सर्जन हा झिजलेला भाग थोडक्या हाडासह कापून काढतो, तेथे धातूची टोपी व बैठक बसवतो आणि मध्ये टणक प्लॅस्टिकचा तुकडा घालतो. स्नायू मात्र रोग्याचे स्वतःचेच राहतात, आणि वापराअभावी ते बहुधा दुबळे झालेले असतात. मेख येथेच आहे. सांधा सर्जन देतो; चाल मात्र रोग्याला मिळवावी लागते, आणि तीही घरी. पहिले दोन-तीन महिने त्या दृष्टीने फार मोलाचे.

आता घरी असते कोण? मुले नोकरीच्या गावी. उरतो तो जोडीदार, आणि त्याचीही सत्तरी जवळ आलेली!

समजा, ऑपरेशन यजमानांचे झाले आहे. बाई पाणी हातात देतात, जेवण अंथरुणात आणतात, ‘दुखतंय ना, राहू द्या आजचा व्यायाम,’ म्हणतात. गुडघ्याखाली मऊ उशी सारतात. यात माया आहे. पण हीच माया नडते. उशीवर वाकलेला गुडघा वाकलेलाच आखडू लागतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा सरळ होतो. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. मग पाणी हातात न देता, ‘चला, माठापर्यंत जाऊन येऊ,’ असे म्हणावे.

आता ऑपरेशन बाईंचे झाले असे धरा. येथे उलटाच प्रकार होतो. यजमानांना चहाची पातेली कोठे असते तेही ठाऊक नसते. आठवडाभर डबा येतो. मग बाईच काठी टेकत ओट्याशी उभ्या राहतात, आणि घरचे म्हणतात, ‘बरं झालं, हिंडूफिरू लागली!’ श्रोतेहो, हे हिंडणे नव्हे. थोडे चालणे, मग पाय उंच ठेवून विश्रांती, असा क्रम हवा. ओट्याशी तासभर ताटकळले की पाय सुजतो आणि संध्याकाळचा व्यायाम बुडतो. म्हणून ऑपरेशनच्या तारखेआधी यजमानांनी वरणभाताचा कुकर लावायला शिकावे. शुश्रूषेचाच तो भाग आहे.

घराचीही थोडी तयारी लागते. सतरंज्या, पायपुसणी आणि वाटेतल्या वायरी उचलाव्यात. हातांची उंच खुर्ची आणि कमोडची सोय करावी. मोरी कोरडी ठेवावी. काठी धरायची ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे दोघांनीही पाठ करावे. तंबाखू आणि मिश्री आधीच सोडवावी, कारण त्यांनी जखम उशिरा भरते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी, आणि चालू असलेली सर्व औषधे, काढे-चूर्णेसुद्धा, डॉक्टरांच्या कानांवर घालावीत.

काही खुणांकडे मात्र बारीक लक्ष हवे. ताप, जखमेतून स्राव किंवा वाढती लाली दिसली तर त्याच दिवशी इस्पितळात कळवावे. पोटरी सुजून दुखू लागली तर तेल चोळत बसू नये. आत रक्ताची गुठळी झालेली असण्याचा संभव असतो. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब नको.

शेवटी शुश्रूषा करणाराविषयी. रोग्याला काखेत धरून उचलण्याचा प्रयत्न त्याने करू नये, दोघेही पडतील. उठवण्याची रीत इस्पितळातच शिकून घ्यावी. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी चुकवू नये. रोज तासभर शेजाऱ्याला किंवा भावाबहिणीला बसवून बाहेर पडावे. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. थकलेला माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाकडून व्यायाम करवून घेणे रोग्याला नकोसे होते.

एवढ्या वर्षांच्या संसारात एकमेकांचे दुःख हलके करण्याची सवय लागलेली असते. या दोन-तीन महिन्यांत थोडे दुखणे सोसू द्यायचे आणि सोसताना शेजारी चालायचे. हे अवघड आहे. पण पुढची पुष्कळ वर्षे दोघांना मिळून फिरायला जाता यावे, यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे.