सहलीला तिलाही न्या, पण तयारीने

मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी सहल म्हणजे मामाचे गाव, पन्हाळा, नाही तर नृसिंहवाडी. आता मुलांच्या तोंडी खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे नाव असते. २०१३ साली सुरू झालेल्या या मनोरंजन उद्यानाकडे आपल्या सांगली-मिरजेहूनही गाड्या भरून लोक जातात. मात्र ज्या घरात एखादे विशेष मूल आहे, त्या घरात या बेताबरोबर एक प्रश्नही येतो. 'याला बरोबर न्यायचे, की आजीजवळ ठेवायचे?'

दर उन्हाळ्यात दोन-चार पालक हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. येण्याचे निमित्त ताप-खोकल्याचे असते. औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर, उठता उठता आई विचारते, "डॉक्टरसाहेब, हिला पाळण्यात बसवलं तर चालेल का हो?" या प्रश्नाचे उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. म्हणून आज या सदरात त्याविषयी सविस्तर बोलू.

घरी ठेवण्यामागची कारणे

विशेष मूल म्हणजे कोण? डाऊन सिंड्रोम असलेले, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेले, सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताठर झालेले, बौद्धिक वाढ मंद असलेले, वारंवार फिट येणारे, ऐकू न येणारे किंवा कमी दिसणारे मूल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा एकूण २१ प्रकारांची नोंद आहे.

अशा मुलाला घरी ठेवण्यामागे बहुतेक वेळा प्रेमच असते. त्याला त्रास होईल, गर्दीत हरवेल, काही झाले तर तिथे डॉक्टर कुठे शोधायचा, ही काळजी असते. पण आणखी एक कारण असते, ते पालक चटकन बोलून दाखवत नाहीत. लोक टक लावून बघतात, कुजबुजतात, आपली मुले बाजूला ओढून घेतात. हे सोसण्यापेक्षा न गेलेले बरे, असे आईला वाटू लागते.

अमेरिकेत टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात गॉर्डन हार्टमन नावाचे एक माजी बांधकाम व्यावसायिक आहेत. त्यांची मुलगी मॉर्गन हिला जन्मापासून बौद्धिक आणि शारीरिक अडचणी आहेत. एका सुट्टीत ती पोहण्याच्या तलावात खेळणाऱ्या मुलांजवळ गेली, तेव्हा ती मुले खेळ सोडून निघून गेली. बापाच्या मनाला ते लागले. २०१० साली त्यांनी तिच्या नावाने 'मॉर्गन्स वंडरलँड' हे उद्यान उभे केले. तिथे चाकाच्या खुर्चीसकट बसता येईल असे पाळणे आहेत, आणि दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे. २०१७ मध्ये शेजारीच त्याच धर्तीचे पाण्याचे उद्यान झाले. सांगण्याचे कारण इतकेच, की खेळण्याची हौस या मुलांना इतरांइतकीच असते आणि सोय केली तर ती भागवता येते. आपल्याकडे अशी सोय अपुरी आहे, तेव्हा बरीचशी तयारी आपल्यालाच करावी लागते.

आधी डॉक्टरांना भेटा

सहलीच्या आधी दोन-तीन आठवडे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना किंवा बालरोगतज्ज्ञांना मूल दाखवा. कोणते खेळ चालतील आणि कोणते नाहीत, हे स्पष्ट विचारून घ्या.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे अस्थिबंध सैल असतात. मानेचे सर्वांत वरचे दोन मणके काही मुलांत जरुरीपेक्षा जास्त हलतात. मानेला जोराचा हिसका बसला तर आतील मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. म्हणून झटके देणारे, उलटे करणारे किंवा उंचावरून एकदम खाली आणणारे खेळ या मुलांसाठी टाळावेत. मान दुखणे, मान एका बाजूला कलती राहणे, चालण्यात अलीकडे फरक पडणे, हातातील वस्तू पडू लागणे, किंवा लघवीवरचा ताबा पुन्हा जाणे, यांपैकी काही दिसल्यास सहल बाजूला ठेवून तातडीने तपासणी करा. तक्रार नसताना काढलेला मानेचा एक्स-रे चांगला आला म्हणजे पूर्ण अभय मिळाले, असे समजू नये. शिवाय या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. त्याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

फिटचा विकार असलेल्या मुलांचे पालक झगमगत्या दिव्यांना फार घाबरतात. प्रत्यक्षात अशा दिव्यांनी फिट येणारे रुग्ण शंभरात साधारण तीनच असतात. आपले मूल त्यांतले असेल तर अंधाऱ्या, लखलखणाऱ्या खेळात नेऊ नका. अचानक दिवे लुकलुकू लागलेच, तर त्याचा एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून त्याला बाहेर आणा. याहून नेहमीचा धोका म्हणजे अपुरी झोप आणि चुकलेला औषधाचा डोस. पहाटे तीनला उठवून गाडीत घातलेले मूल, आणि गडबडीत घरी राहिलेली औषधाची बाटली, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मान आणि कंबर सावरून बसता येते का, हे पाहा. येत नसेल तर पाळण्याचा दांडा किंवा पट्टा त्याला पुरेसा धरून ठेवणार नाही, मग उंचीच्या अटीत ते बसत असले तरी. खेळ चालवणाऱ्याने नाही म्हटले तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

कॉक्लिअर इम्प्लांट केलेल्या मुलाने प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर जाण्यापूर्वी कानामागचे बाहेरचे यंत्र काढून ठेवावे. घर्षणाने निर्माण होणारी वीज त्याला बाधू शकते.

हट्ट आणि असह्य होणे यांतला फरक

स्वमग्न मुलांची अडचण वेगळी असते. आपल्याला मजेचा वाटणारा गोंगाट त्यांना कानात खिळे ठोकल्यासारखा वाटू शकतो. भोंगे, किंकाळ्या, तेलकट वास, अंगाला लागणारी गर्दी हे सगळे साचत जाते आणि एका क्षणी मूल जमिनीवर लोळण घेते. बघणारे म्हणतात, "लाडावलंय पोरगं." हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी बघते आहे का, यावर डोळा ठेवून असते आणि हवे ते मिळताच शांत होते. या मुलाचे तसे नसते. अशा वेळी रागावणे, चापट मारणे, आइस्क्रीमचे आमिष दाखवणे यांचा उपयोग होत नाही. त्याला उचलून शांत, सावलीच्या जागी न्या, कमी बोला आणि वेळ द्या.

याची पूर्वतयारी घरी करता येते. जायच्या जागेचे फोटो आठवडाभर रोज दाखवा. आधी गाडी, मग रांग, मग पाळणा, मग जेवण, असा क्रम चित्रांनी समजवा. आवाज कमी करणारे कानावरचे झाकण हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ते घरी वापरून सवय करा. आणि सर्वांत उत्तम रंगीत तालीम म्हणजे आपल्या गावची जत्रा. संध्याकाळच्या गर्दीत न जाता दुपारी कलत्या उन्हात जा. घोड्यांच्या चक्रीत एकदा बसवा आणि अर्ध्या तासात परत या. तिथे जमले तर पुढचा बेत करा.

त्या दिवशी काय करावे

सांगलीहून खोपोली म्हणजे सहा-सात तासांचा प्रवास. पहाटे निघून रात्री परत हा बेत या मुलांसाठी करू नका. आदल्या दिवशी जाऊन लोणावळा-खोपोलीकडे मुक्काम करा. खर्च वाढतो हे मान्य, पण झोप झालेले मूल आणि न झालेले मूल यांत फार फरक असतो. शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडा. शक्य असेल तर मेऐवजी दिवाळीनंतरच्या थंडीत जा.

उन्हाची विशेष काळजी घ्या. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेट आणि झोनिसामाइड या औषधांनी घाम कमी येतो. लाळ गळणे किंवा हातापायांचा ताठरपणा यांसाठी दिलेल्या काही औषधांचाही हाच परिणाम होतो. घाम आला नाही तर अंग तापत जाते. आपल्या मुलाचे औषध यांतले आहे का, ते विचारून घ्या. दर अर्ध्या तासाने पाणी पाजा. ज्याला तहान लागल्याचे सांगता येत नाही, त्याच्या मागण्याची वाट पाहू नका.

औषधे दोन ठिकाणी ठेवा, एक संच आईच्या पर्समध्ये आणि दुसरा वडिलांच्या पिशवीत. फिट येणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे दिला असेल तर तो जवळ हवाच. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, वेळ पाहा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालयात हलवा. पाण्यात मात्र अशा मुलाजवळ एक मोठे माणूस कायम हाताच्या अंतरावर असले पाहिजे. जीवरक्षक आहे ना, म्हणून निर्धास्त राहू नये.

स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि हात सुटला की ती थेट पाण्याकडे धावतात. मूल दिसेनासे झाले तर सगळ्यांत आधी पाण्याच्या जागा पाहा. भडक रंगाचा शर्ट घाला, सकाळीच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, आणि खिशात नाव, फोन नंबर, विकार व औषधे लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका.

खर्च आणि सवलत

दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड बरोबर ठेवा. तिकिटात सवलत आहे का, रांगेत उभे न राहण्याची सोय आहे का, चाकाची खुर्ची मिळते का, हे निघण्यापूर्वीच फोन करून विचारा. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्या मुलाला व त्याच्या एका सोबत्याला रेल्वेत शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठीचा दाखला आधीच काढून ठेवावा लागतो. ही कोणाची मेहेरबानी नाही. करमणुकीच्या जागा दिव्यांगांना वापरता याव्यात, हे २०१६ च्या कायद्यातच सांगितले आहे.

भावंडांनाही विसरू नका

माझ्या माहितीतील एका कुटुंबाने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या सहा वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी अशा उद्यानात नेले. तिचा दहा वर्षांचा भाऊ आधीच खट्टू होता. "ही आली की मला काहीच करता येत नाही," हे तो बोलूनही गेला. त्याचे बोलणे वडिलांनी मनावर घेतले. त्यांनी त्याला मोठ्या खेळांना नेले, तेवढा वेळ आई मुलीजवळ थांबली, मग दोघांनी जागा बदलली. मुलगी दिवसभरात एकाच लहान चक्रीत चार वेळा बसली आणि उरलेला वेळ कारंजे बघत राहिली. काकांनी हिशेब केला, एवढ्या तिकिटात फक्त चार चकरा! आई मला सांगत होती, "डॉक्टरसाहेब, चौथ्या वेळी ती आपणहून रांगेत उभी राहिली. पुढच्याला ढकललं नाही, रडली नाही." रांगेत उभे राहणे काय असते, हे त्या आईने दोन वर्षे शिकवले होते.

सहलीने विकार बरा होत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. पण थांबणे, आपली पाळी येऊ देणे, हवे ते खुणेने मागणे, अनोळखी लोकांत वावरणे हे घराच्या चार भिंतींत शिकता येत नाही. म्हणून किती खेळ झाले, किती पैसे वसूल झाले, हे मोजू नका. मूल दमले, की दुपारी दोन वाजले असले तरी परत फिरा. हसत परतलेले मूल पुढच्या वेळी आनंदाने गाडीत बसेल.

आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्या वाचकांनाही एक विनंती आहे. रांगेत असे मूल दिसले तर टक लावून बघू नका, आपल्या मुलाला बाजूला ओढू नका. त्याने विचारलेच तर सांगा, "तोही तुझ्यासारखाच खेळायला आलाय." जमल्यास त्याच्या आईला रांगेत पुढे जाऊ द्या.