दारापुढचा ओटा हजार रुपयांत नीट करा. शोभाही येईल, विंचू-सापाची भीतीही कमी होईल

शिरूर / दौंड : चपलांचा ढीग, कोपऱ्यात रचलेलं सरपण, भिंतीला टेकवलेली खोरी-टिकाव, त्यावर टाकलेली ओली गोणी आणि शेजारी फवारणीचा पंप. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या वस्त्यांवर अनेक घरांच्या दारापुढं हेच चित्र दिसतं. पाहुणे येणार म्हटलं की आवराआवर होते, आठ दिवसांत पुन्हा जैसे थे.

दार सजवायचं म्हणजे टाईल्स, ग्रॅनाईट आणि पीओपी, असा समज झाला आहे. खरं तर ओट्याला तीनच गोष्टी लागतात. जमीन मोकळी हवी, दारात उजेड हवा आणि पायाखाली कोरडं हवं. एवढं झालं की तोरण-रांगोळी खुलून दिसते. बागायती पट्ट्यात तर हा जिवाचाही प्रश्न आहे.

आधी जमीन मोकळी करा

विंचू आणि सापाला अंधारी, ओलसर, अडचणीची जागा लागते. चपलांचा ढीग, गोवऱ्या, विटा, पाचट, भिजकी पोती यांत ती आयती मिळते. दाणे सांडले की उंदीर येतात आणि उंदरामागं साप येतो. म्हणून सरपण, कडबा, विटा ओट्यावरून हलवून घरापासून निदान पंधरा-वीस फूट लांब न्यावं. कोंबड्यांचं खाद्य आणि धान्य झाकणाच्या डब्यात ठेवावं.

चपलांसाठी विकतचं कपाट लागत नाही. दोन बाजूंना तीन-तीन विटा रचून वर शहाबादी फरशीचा उरलेला तुकडा ठेवला की पहिला कप्पा झाला. त्यावर पुन्हा विटा आणि फरशी ठेवली की दुसरा. विटा डगमगू नयेत म्हणून मधे थोडा सिमेंटचा माल लावावा. खालची जागा मोकळी सोडावी, म्हणजे रोज झाडू फिरतो. गमबूट उभे न ठेवता खुंटीला उलटे टांगावेत. तरीही बूट किंवा चप्पल पायात घालण्याआधी झटकायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी.

खोरं, टिकाव, कोयता, विळा यांना भिंतीवर खिळे किंवा लाकडी खुंट्या माराव्यात. धारेची अवजारं पोराटोरांचा हात पोचणार नाही इतकी वर हवीत. पाईपलाईनचे पीव्हीसीचे तुकडे उरलेले असतात. हातभर लांबीचा तुकडा भिंतीला उभा ठोकला की काठी आणि छत्री ठेवायला जागा होते. पाईपचं खालचं तोंड बंद करून तळाशी पाणी निघायला एक भोक पाडावं.

फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या मात्र ओट्यावर नकोच. त्या कुलपात, घरापासून वेगळ्या खोलीत ठेवाव्यात. रिकाम्या बाटल्यांत फुलझाडंसुद्धा लावू नयेत.

दाराखालची फट बुजवा

उंबरठा आणि दार यांच्यात बोटभर फट असली तरी साप आत येऊ शकतो. मोटारसायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी दाराच्या खालच्या कडेला आतल्या बाजूनं बारीक खिळ्यांनी ठोकावी. मोरीच्या पाईपाच्या तोंडाला जाळी बसवावी. भिंतीतली बिळं सिमेंटनं बुजवावीत. वेल शोभतो, पण तो कौलाला किंवा खिडकीला टेकू देऊ नये. त्याच्यावरून साप घरात उतरतो.

उजेड हवाच

संपूर्ण शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. दौंडच्या उसाच्या पट्ट्यातही बिबट्याचा वावर आहे. ऊस दारापर्यंत आलेला असेल तर अंगणातला दिवा ही गरजच आहे.

नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज दहा तास लावला तरी महिन्याला तीन युनिटसुद्धा वीज लागत नाही. पिवळसर उजेडाचा बल्ब घेतला तर पांढऱ्याच्या मानानं किडे कमी येतात. किडे कमी आले की बेडूक, पाली आणि त्यांच्यामागचे साप कमी. बल्ब दाराच्या अगदी डोक्यावर न लावता ओट्याच्या कडेला, अंगणाकडं उजेड पडेल असा लावावा. लाईट जाते तिथं चार्जिंगचा एक बल्ब जवळ असू द्यावा.

दाराशी एक खुंटी फक्त बॅटरीसाठी राखून ठेवावी. रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला जाणाऱ्यानं बॅटरी, काठी आणि गमबूट घेतल्याशिवाय ओटा उतरू नये. अंधार पडल्यावर मुलांना अंगणात एकटं सोडू नये. खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो, म्हणून उसाच्या कडेला भांडी घासणं आणि शौचाला जाणं टाळावं. शेळ्या ओट्याला न बांधता रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवाव्यात. बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

पायरी घसरडी नको

गुळगुळीत टाईल्स पावसात भल्याभल्यांना पाडतात. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण सुटता सुटत नाही. नवीन पायरी करायची असेल तर खडबडीत फरशी किंवा रेघा मारलेला कोबा बरा, आणि सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या हव्यात. बोअरच्या जुन्या लोखंडी पाईपाचा तुकडा पायरीशेजारी रोवला की आजी-आजोबांना धरायला आधार होतो. पायपुसणं म्हणून गोणपाट चालतं, पण ते रोज उचलून उन्हात टाकावं.

आता शोभा

भिंतीला चुना आणि खाली दोन फूट गेरूचा पट्टा ही आपल्याकडची जुनी रीत आजही सगळ्यात स्वस्त आहे. चुना आदल्या रात्री भिजवावा, गाळून त्यात थोडं मीठ आणि डिंकाचं पाणी घालावं, म्हणजे हाताला कमी लागतो. गेरूतही डिंक घालावा. वाळलेल्या गेरूवर चुन्याची बोटं उठवली की वेगळी नक्षी लागत नाही.

आंब्याचा डहाळा आणि शेतातला झेंडू असला की तोरण फुकट होतं. तेलाच्या डब्यांना गेरू लावून, बुडाला भोकं पाडून तुळस, सदाफुली, कोरफड लावावी. कुंड्या विटांवर ठेवाव्यात आणि अधूनमधून हलवाव्यात. जुन्या टायरची कुंडी करायची तर त्याला भोकं पाडलीच पाहिजेत. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

खर्च किती?

बल्ब, होल्डर आणि वायर दोन-अडीचशे, चार्जिंगचा बल्ब साधारण तीन-साडेतीनशे, चुना-गेरू-डिंक दीड-दोनशे, खिळे, खुंट्या आणि जाळी शंभर-दीडशे. भाव दुकानागणिक थोडे पुढं-मागं होतील. बाकी विटा, फरशी, ट्यूब, पाईप घरचंच. घरातल्या माणसांचा एक दिवस लागतो.

साप चावलाच तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश कित्येकदा दुखतही नाही. झोपेतून उठल्यावर पोटात दुखू लागलं किंवा पापण्या जड झाल्या तर थांबू नये. जखम कापू नये, चोखू नये, दोरीनं आवळून बांधू नये. अंगठी, कडं, जोडवी काढावीत, माणसाला चालू देऊ नये आणि धीर द्यावा. १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावं. विषावर उतारा म्हणजे सर्पविषावरची लस. मांत्रिकाकडं गेलेला वेळ परत मिळत नाही.